१९९१ च्या काँटेसाच्या एसीत आर-१२ ऐवजी आर-१३४ए गॅस भरला तर चालेल का? (गाडी कोल्हापुरात)

चालेल, पण नुसता गॅस बदलून भागणार नाही, आतलं ऑइलही बदलावं लागेल. आर-१२ या जुन्या गॅससोबतचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो. इथल्या उद्यमनगरात, गॅरेजच्या भागात, जुन्या गाड्यांचे एसी उघडताना हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून हे करून घ्या:

- कॉम्प्रेसर उतरवून जुनं ऑइल काढा, लाइन फ्लश करा (आतून धुऊन घ्या), आर-१३४ए ला चालणारं एस्टर ऑइल घाला.
- रिसीव्हर-ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि जोडांवरच्या सगळ्या रबरी ओ-रिंग नव्या. ड्रायरवर पैसे वाचवू नका, ओलावा राहिला की गॅस बारीक छिद्रातून सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो.
- किमान ४५ मिनिटं व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा काढणं. पंप बंद केल्यावर गेजचा काटा तसाच थांबला तरच गॅस, तोही वजन करून, मूळ मापाच्या साधारण ८० ते ८५ टक्के.

जुन्या कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) थंडावा थोडा कमीच मिळेल. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये ते जाणवतं. त्यासाठी पॅरलल-फ्लो (बारीक समांतर नळ्यांचा) कंडेन्सर आणि चांगला पंखा बसवला की फरक पडतो. स्वस्त पडतो म्हणून कुणी स्वयंपाकाचा गॅस भरतो म्हणाला, तर गाडी तिथून काढा. केबिनमध्ये गळला तर जीवाशी खेळ आहे.