इजिप्त आणि इस्रायल एकमेकांचे शत्रू असताना अमेरिका दोघांशीही वाटाघाटी कशी करू शकली?

कारण दोघांना हवं ते देण्याची ताकद तिच्याकडेच होती. सोव्हिएत संघ इजिप्तला शस्त्रं पुरवत होता, पण १९६७ च्या युद्धात जिंकलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातून इस्रायलला मागे हटवणं त्याच्या हातात नव्हतं. १९६७ मध्ये त्याने इस्रायलशी राजनैतिक संबंधच तोडले होते. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी हे ओळखलं आणि १९७२ मध्ये सोव्हिएत लष्करी सल्लागारांना घरी पाठवलं.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी इजिप्तमधलं आस्वान आणि जेरुसलेम यांच्यादरम्यान विमानाने अक्षरशः येरझाऱ्या घातल्या. १८ जानेवारी १९७४ ला सैन्य मागे घेण्याचा पहिला करार झाला.

पण हे नुसत्या गोड बोलण्याने झालं असं समजू नका. मार्च १९७५ मध्ये बोलणी फिसकटली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी अमेरिकेच्या धोरणाचा ‘फेरविचार’ जाहीर केला आणि इस्रायलशी नवे शस्त्रकरार रोखून धरले. सप्टेंबरमध्ये दुसरा सिनाई करार झाला, त्यात इस्रायलला भरघोस मदतीचं आश्वासनही मिळालं. थोडक्यात, आधी नाक दाबलं, मग तोंड गोड केलं.

पुढचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात कॅम्प डेव्हिड या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थळी झालेली बोलणी (१९७८, १३ दिवस) आणि १९७९ चा इजिप्त-इस्रायल शांतता करार याच वाटेवरून आले. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र बाजूलाच पडला, आणि माझ्या मते ती चूक नव्हती, तर करार जमवण्यासाठी मोजलेली किंमत होती.