निदानं तीन, टक्केवारी एकच

पीटीएसडीचे (आघातानंतरच्या मानसिक ताणाच्या विकाराचे) वेगळे, नैराश्याचे वेगळे असे अपंगत्व-भरपाईचे टक्के मिळतील हा हिशेब आधी डोक्यातून काढ, मित्रा. अमेरिकेच्या व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी विभागात, मानसिक आजारांना मिळून एकच आकडा लागतो: 0, 10, 30, 50, 70 किंवा 100. एकाच लक्षणाची भरपाई दोनदा देत नाहीत. (खाण्याच्या विकारांची मोजपट्टी तेवढी निराळी.)

मग दुसरं निदान कशाला? कोणतं लक्षण कोणत्या आजाराचं हे डॉक्टरला वेगळं करता आलं नाही, तर ते सेवेशी जोडलेल्या, म्हणजे लष्करी सेवेमुळे झाल्याचं मान्य असलेल्या, आजाराच्याच खात्यात धरतात.

व्हीएच्या वैद्यकीय तपासणीत आजारांची नावं घोकू नकोस. झोप किती लागते, कामावर काय बिघडतं, घरात कुणाशी बोलणं तुटलंय, ते सांग. ‘बरं चाललंय’ तर मुळीच म्हणू नकोस. मी म्हणालो होतो! बायकोचं लेखी निवेदनही जोड.