ट्रॅकवर ब्रेक का दमतात: वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की ठाणे आणि नवी मुंबईतून चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेणाऱ्या हौशी चालकांची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत इंजिनापेक्षा ब्रेकविषयी अधिक विचारणा आहे, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

प्रश्न: माझ्याकडे सहा वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर चौथ्या फेरीनंतर ब्रेकचे पेडल मऊ झाले आणि जवळजवळ तळाला टेकले. गायमुखच्या उतारावर किंवा कसारा घाटात असे कधी झाले नव्हते. मेकॅनिक मोठ्या डिस्क बसवायला सांगतो. बसवू का? (कोलशेत, ठाणे)

इतक्यात नको. आपण केलेल्या वर्णनावरून दोष डिस्कच्या आकारात नसून ब्रेक ऑइलमध्ये असल्याचे दिसते.

ब्रेक मारल्यावर गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी होत नाही, तर पॅड आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्क यांच्या घर्षणातून तिची उष्णता होते. चालकासह ११०० किलो वजनाची गाडी माजिवड्याच्या सिग्नलला ताशी ६० किलोमीटरवरून थांबली, तर सुमारे १५० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी ट्रॅकवर १४० वरून ६० वर आणताना हा आकडा ६८० च्या घरात जातो. दोन लिटर पाणी उकळीला आणण्यास पुरेल एवढी ही उष्णता तीन-चार सेकंदांत निर्माण होते, आणि ती वाऱ्यावर विरण्याआधीच पुढचे वळण येऊन ठेपते. घाटात आपण खालच्या गिअरमध्ये उतरतो, त्यामुळे इंजिन बराच भार उचलते. ट्रॅकवर ब्रेकला अशी सवड मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून, ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत आणि तेथून ऑइलपर्यंत पोहोचते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते, आणि खाडीकाठच्या आपल्या शहरांत आर्द्रतेला तोटा नाही. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा मानकाचा आग्रह असतो. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि द्रवाच्या उलट वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर बुडबुडे चेपण्यातच खर्च होतो. पेडल मऊ पडते ते यामुळे. याउलट पेडल नेहमीसारखे कडक लागते आणि तरीही गाडी थांबत नाही, तेव्हा पॅडचा पदार्थ त्याच्या सोसण्याच्या तापमानापलीकडे गेलेला असतो. या दोन लक्षणांत गल्लत केली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

तेव्हा पुढच्या वेळी निघण्यापूर्वी जुने ऑइल पूर्ण काढून, सीलबंद बाटलीतील चांगल्या प्रतीचे डॉट ४ किंवा डॉट ५.१ भरून घ्यावे आणि चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा नीट काढून घ्यावी. खास स्पर्धेसाठी बनवलेल्या ऑइलचा ताजेपणीचा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो, मात्र ते वारंवार बदलावे लागते. डॉट ५ हे ५.१ चे भावंड नव्हे. ते सिलिकॉनचे असून नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, आणि केवळ आकडा पाहून ते विकत घेणारे मी पाहिले आहेत. अर्धी उरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरण्याची काटकसर करू नये. रबरी पाइपांच्या जागी पोलादी जाळीचे पाइप बसवल्यास पेडल अधिक ठाम लागते, परंतु ते ऑइलला उकळण्यापासून वाचवत नाहीत.

आणखी एक गोष्ट पैशांवाचून होण्यासारखी आहे. नवशिका चालक वळणाच्या फार आधीपासून हलका ब्रेक धरून ठेवतो, त्यामुळे डिस्कला थंड होण्यास वेळ कमी मिळतो. उशिरा पण ठाम ब्रेक मारून लगेच सोडणे, हे प्रशिक्षकाकडून शिकण्यासारखे तंत्र आहे.

प्रश्न: रोज नेरुळहून ऑफिसला आणि वर्षातून दोनदा ट्रॅकवर, असा माझा वापर आहे. दोन्हीला चालतील असे ब्रेक पॅड मिळतात का? (नेरुळ)

मिळतात, पण दोन्हीकडे थोडी तडजोड करून. कंपनीचे पॅड थंड असतानाही लगेच पकड घेतात, आवाज करत नाहीत आणि डिस्क जपतात. त्यांची मर्यादा फक्त उष्णतेची असते. निव्वळ स्पर्धेसाठीचे पॅड उलट वागतात. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि पावसात सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताच रिक्षा आडवी आली, तर हा दोष जिवावर बेतू शकतो. म्हणून रोजच्या गाडीत ते कायम ठेवण्यास माझा विरोध आहे.

रस्त्यासाठीच बनवलेले पण अधिक तापमान सोसणारे मधल्या प्रतीचे पॅड आपल्याला पुरतील. ते थोडे अधिक किंचाळतील आणि मिश्रधातूच्या (अलॉय) चाकांवर काळी भुकटी साचवतील, एवढे सहन करावे लागेल. अधिक वेगवान चालकाने ट्रॅकचे पॅड वेगळे ठेवावेत आणि तेथे पोहोचल्यावर बदलावेत. कॅलिपरच्या एक-दोन बोल्टचे हे काम हाताखालून गेलेल्या माणसाला कठीण नाही. परतीच्या प्रवासाआधी मात्र रस्त्याचे पॅड पुन्हा चढवण्याचा आळस नको.

नवे पॅड डिस्कवर बसवून घेणेही आवश्यक असते. मध्यम वेगावरून पूर्ण न थांबता काही वेळा ब्रेक मारून, हळूहळू तापमान वाढवून, मग ब्रेक न लावता गाडी चालवून थंड केल्यावर पॅडच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो. हे पाम बीच रस्त्यावर करू नये. मागच्या गाडीला आपला हेतू ठाऊक नसतो. ट्रॅकच्या पहिल्या सत्रातील सुरुवातीच्या फेऱ्या त्यासाठीच राखाव्यात.

प्रश्न: भोके पाडलेल्या डिस्क खरोखर अधिक थंड राहतात का? (खारघर)

दिसतात छान. परंतु वारंवार तापण्या-थंडावण्याने भोकांच्या कडांपासून तडे जाण्याचा धोका असतो. हॅचबॅकसाठी चांगल्या ओतकामाची साधी, हवा खेळण्यासाठी मध्ये पोकळी असलेली डिस्कच उत्तम. फार तर खाचा असलेली घ्यावी.

प्रश्न: पुढे चार पिस्टनचे कॅलिपर आणि मोठ्या डिस्क यांचे किट, आणि मागच्या ड्रमच्या जागी डिस्क, असा विचार आहे. गाडी थांबण्याचे अंतर किती कमी होईल? (ऐरोली)

बहुधा मुळीच नाही. आज आपण जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होत असेल, तर आपले ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा बलवान आहेत आणि अंतर टायर ठरवत आहेत. मोठी डिस्क अधिक उष्णता सामावून घेते आणि तीच ताकद दहाव्या फेरीतही टिकवते, हा तिचा खरा लाभ आहे. आधी टायर, ऑइल आणि पॅड करून पाहावे. त्यानंतरही ब्रेक दमत असतील तरच किटचा विचार करावा.

त्यात एक तांत्रिक अडचणही आहे. पुढच्या पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ वाढवले आणि पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच ठेवला, तर पेडल अधिक खाली जाते आणि ब्रेकचा तोल पुढच्या चाकांकडे झुकतो. मागची चाके आळशी होतात आणि कंपनीने जुळवलेले एबीएसचे गणित बिघडते. मागचे ड्रम तसेच ठेवावेत, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येते आणि पुढच्या चाकांनाच बहुतेक काम पडते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांना छेद देणारे बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका उचलून धरली, हेही किटची किंमत विचारण्यापूर्वी लक्षात घ्यावे. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरील नुकसान स्वतःच सोसण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न: ट्रॅकहून परतल्यापासून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकली असावी का? (कळवा)

सगळे तसेच म्हणतात, पण डिस्क क्वचितच वाकते. बहुतेक वेळा अतिशय तापलेल्या डिस्कवर पॅडचा पदार्थ असमान चिकटलेला असतो, आणि जाडीतील मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागाचा फरकही हाताला जाणवतो. आपण शेवटच्या वेगवान फेरीनंतर थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन पाय ब्रेकवर दाबून उभे राहिला होता का, ते आठवून पाहावे. तापलेले पॅड एकाच जागी दाबले गेले की तेथे ठसा उमटतो. शेवटची फेरी ब्रेक न वापरता संथ घ्यावी, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे अटकाव लावावा आणि हँडब्रेक ओढू नये. ठसा हलका असेल, तर पॅड पुन्हा नीट बसवण्याच्या प्रक्रियेने तो जातो. लेथवर डिस्क घासून घ्यायची झाल्यास आधी तिची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून पाहावी.

प्रश्न: गाडी खाडीजवळ महिनाभर उभी होती आणि डिस्कवर गंज चढला आहे. ट्रॅकवर न्यावी का? (वाशी)

वरवरचा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो. मला काळजी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची वाटते, कारण त्या गंजून अडकल्या की एकच पॅड सतत घासत राहतो. चाक काढून आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी ताडून पाहावी. आतला पॅड बराच अधिक झिजलेला असेल, तर पिना साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने त्यांवरची रबरी टोपणे फुगतात.