‘पण’च्या पुढे काय ठेवायचं?

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तांत्रिक लेखन किंवा संपादन करायचं आहे. सरावासाठी लिहिलेल्या अहवालावर शेरा आला, ‘मुद्दे चांगले, पण वाचताना धागा तुटतो.’ मग जागोजागी ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ घातले. शेरा तोच! हे काम मला जमणार नाही का?

उत्तर: जमेल. तू शब्द वाढवलेस, पण वाक्यांमधलं नातं ठरवलंच नाहीस. तुझे तिन्ही शब्द एकच काम करतात, भर घालण्याचं. त्यामुळे कारण, परिणाम, विरोध असं सगळंच वाचणाऱ्याला यादीसारखं दिसतं. शाळेत उभयान्वयी अव्ययांचे प्रकार घोकले असशील: न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक वगैरे. नावं विसरलीस तरी चालेल, कामं विसरू नकोस.

ही दोन वाक्यं घे: यंत्र जुनं आहे. देखभाल नियमित होते. ‘यंत्र जुनं आहे, पण देखभाल नियमित होते’ म्हटलं की वाचणारा निश्चिंत होतो. ‘देखभाल नियमित होते, पण यंत्र जुनं आहे’ म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. माहिती तीच, फक्त ‘पण’च्या पुढे काय आलं ते बदललं, वजन तिकडेच पडतं. आणि ‘जुनं आहे म्हणून देखभाल होते’ म्हणालीस, तर ती वेगळीच गोष्ट झाली.

तांत्रिक लेखनात तर क्रमही सांभाळावा लागतो. ‘झाकण उघडा. त्याआधी वीज बंद करा.’ यातलं ‘त्याआधी’ व्याकरणाला धरून आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत वाचणाऱ्याने झाकण उघडलेलं असतं. (अशा सूचना छापील माहितीपत्रकांतही सापडतात!)

आता तोच अहवाल पुन्हा काढ. सगळे जोडशब्द खोड. प्रत्येक दोन वाक्यांमधलं नातं कागदाच्या समासात लिही: कारण, विरोध, उदाहरण, पुढची पायरी. नातं सुचलंच नाही, तर त्यातलं एक वाक्य बहुधा चुकीच्या जागी आहे. तिथे ‘तसेच’ चिकटवून भागणार नाही. नातं आपोआप कळत असेल तिथे शब्द नकोच. उरलेल्या जागी नेमका शब्द घाल. आणि ‘तीन कारणं आहेत’ असं लिहिलंस तर तीनच मोज, संपादक मोजतात.

जुनी आणि नवी, दोन्ही प्रती जपून ठेव. कामाचे नमुने मागितले, की दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाठव.