बोर्दोची ड्राय व्हाइट वाईन नुसती आंबट का लागली?

आपला प्रश्न असा आहे की, भेट म्हणून आलेली, फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या ग्राव्ह या प्रदेशाची पांढरी वाईन फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात तेव्हा ती आंबट पाण्यासारखी लागली. नाशिकची सोव्हिन्यों ब्लां मात्र ग्लास नाकाशी नेताच दरवळते, तर मग या बाटलीत विशेष ते काय? बाटलीत दोष असेल असे मला वाटत नाही. आपण ती फार थंड प्यायलात आणि जे जिभेवर शोधायला हवे होते ते नाकाने शोधलेत, एवढेच झाले असावे.

नाशिकच्या त्या बाटलीत प्रामुख्याने एकच द्राक्ष असते, सोव्हिन्यों ब्लां. बोर्दोत बहुधा सोव्हिन्यों ब्लांबरोबर सेमियों आणि क्वचित थोडे मस्कादेल मिसळलेले असते; लेबलवर द्राक्षांची नावे सहसा नसल्यामुळे ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही. पपनसाच्या सालीसारखा तो तरतरीत वास आणि आंबटपणा सोव्हिन्योंचा. सेमियों कोवळ्या वयात गंधाच्या बाबतीत जवळजवळ मुके असते. त्याचे काम तोंडात चालते: ते आंबटपणाची धार बोथट करते आणि वाईनला भरीव, किंचित स्निग्ध अंग देते. फार थंड वाईनमध्ये हे अंग आकसते आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो.

म्हणून एक प्रयोग करून पाहा. बाटली बाहेर काढताच एक ग्लास भरून चव घ्या आणि दुसरा वीसेक मिनिटांनी, वाईन 10 ते 12 अंशांवर आल्यावर भरा. उन्हाळ्यात याहून कमी वेळ पुरतो. दुसऱ्या ग्लासातला लहानसा घोट लगेच न गिळता पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा. जिभेच्या कडांना लाळ सुटते ती आंबटपणामुळे. पण त्याच वेळी जिभेच्या मध्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ थर बसल्याचे जाणवेल, आणि तेच सेमियों. मग घोट गिळून तोंड मिटा व नाकाने श्वास सोडा. ग्लासात न सापडलेले कितीतरी गंध या परतीच्या वाटेवर सापडतात.

या सायीत निर्मात्याचाही हात असतो. चांगल्या ग्राव्हमध्ये आणि 1987 साली ग्राव्ह प्रदेशाच्या उत्तर भागातून वेगळ्या झालेल्या पेसाक-लेओन्यांमध्ये रस अनेकदा 225 लिटरच्या ओक पिंपांत आंबवतात आणि तळाशी बसलेला यीस्टचा गाळ काढून न टाकता काही महिने अधूनमधून ढवळतात. त्याने वाईनला अंग येते, शिवाय हा गाळ प्राणवायू शोषून घेत असल्याने सोव्हिन्योंचे नाजूक गंध टिकतात. हे गंध द्राक्षात बद्ध, वासहीन रूपात असतात आणि आंबताना यीस्ट त्यांना मोकळे करते. बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक दनी द्युबुर्दियू यांनी या विषयाचा आयुष्यभर पाठपुरावा केला. आजची पांढरी बोर्दो इतकी स्वच्छ आणि गंधयुक्त लागते, याचे मोठे श्रेय मी त्यांना देतो.

वय हा या मिश्रणाचा सर्वांत सुंदर भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. पेसाक-लेओन्यांच्या एकाच वर्षाच्या दोन बाटल्या मी घेतल्या होत्या. पहिली घाईने उघडली, तेव्हा तिच्यात ओकचाच वास जास्त होता. दुसरी नऊ वर्षांनी उघडली, तर मेण, भाजलेले बदाम आणि मध यांचा वास खोलीभर पसरला, आणि तरीही जिभेवर साखरेचा कण नव्हता. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवून हे साधणार नाही. त्यासाठी वाईनचा फ्रिजच हवा. बोर्दोतल्याच आंत्र-द-मेर या भागाची साधी पांढरी वाईन मात्र ताजीच प्यावी.

पुढची बाटली घेताना एवढे पाहा की लेबलवर ‘ग्राव्ह सुपेरियर’ असे लिहिलेले नाही ना, कारण त्या नावाची पांढरी वाईन गोड असते.

सोबतीला बोर्दोजवळच्या आर्काशों उपसागराकाठी ही वाईन कच्च्या कालवांबरोबर पितात. आपल्याकडे लिंबू पिळलेले, कमी तिखटाचे सुरमईचे तुकडे तिला छान जमतात. लाल तिखटाच्या भरपूर मसाल्यापुढे ती हरते. बाटली उरली असेल तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या याच पद्धतीने पुन्हा चाखा. पिंपात मुरलेली ग्राव्ह असेल, तर दुसऱ्या दिवशी ती अधिक मोकळी झालेली आढळण्याचा संभव बराच आहे.