तोंडी सांगितलेलं धरू नकोस

प्रिय बाळा,

रविवारी तू लॅपटॉप घेऊन आलीस आणि चहा गार होईपर्यंत एकच सांगत राहिलीस, ‘सर, एजंट मठ्ठ आहे.’ मी तेव्हा काही बोललो नाही. रात्री तुझं टूल, म्हणजे एआय एजंटनं गोदामातला साठा नोंदवायला वापरायचा तो छोटा प्रोग्राम, पुन्हा उघडलं. एजंट मठ्ठ नाही गं. तू त्याला काही सांगितलेलंच नाहीस.

टूलचं नाव ‘अपडेट’. वर्णन, ‘स्टॉक अपडेट करतं’. पॅरामीटर, म्हणजे एजंटनं भरून द्यायच्या गोष्टी, दोन: ‘आयडी’ आणि ‘संख्या’. संपलं. आता तूच सांग, हा आयडी मालाचा की गोदामाचा? आलेली संख्या जुन्या साठ्यात मिळवायची, की जुनी पुसून ही ठेवायची? डझन की नग? तुला ठाऊक आहे, तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला ठाऊक आहे. एजंट तुमच्या टेबलाशी बसलेला नाही. टूल जोडायची पद्धत एमसीपी असो की साधं फंक्शन कॉलिंग, मॉडेलपुढे, म्हणजे एजंटच्या मागे असलेल्या एआयपुढे, जातं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरांचा स्कीमा, म्हणजे कोणता पॅरामीटर कोणत्या प्रकारचा याचा आराखडा. टूलच्या आतला कोड जात नाही. जे लिहिलं नाही, ते त्याच्यासाठी नाहीच.

तुझे आजोबा सोलापूरच्या पूर्व भागात मागावर बसायचे, म्हणून तुला हे लवकर कळायला हवं. जेकार्ड मागाच्या नक्षीच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. विणकराच्या मनात मोर असला तरी कार्डात नसेल तर चादरीवर येत नाही.

मी हे फार उशिरा शिकलो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी स्टॉकचा प्रोग्राम लिहिला होता. संख्या डझनात धरली होती. स्क्रीनवर तसं कुठेच लिहिलं नाही, गोदामवाल्याला तोंडी सांगून मोकळा झालो. तो आजारी पडला आणि बदली आलेल्या पोरानं 300 नग आले म्हणून 300 भरले. हिशेबात 3600 टॉवेल दिसायला लागले. त्या भरवशावर ऑर्डर घेतली गेली आणि गाडी भरायच्या दिवशी माल निघेना. पोराची नोकरी गेली. मालकासमोर मी म्हणालो, ‘मी सांगितलं होतं.’ खरंच सांगितलं होतं, पण त्याला नव्हतं सांगितलं. तो पोरगा मान खाली घालून उभा होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर मी हट्टी झालो. वर्णन नसलेला कोड पुढे जाऊ दिला नाही, दोनदा रिलीज अडवलं. मला कारकून म्हणाले, बढतीच्या वेळी ते बोलूनही दाखवलं. आजही तेच करीन. युनिक्स या संगणकप्रणालीचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर 1971 चं. त्यात कमांड काय करते याच्या जोडीला ‘बग्ज’ असा रकाना आहे. आपल्या कामातली खोट त्या लोकांनी स्वतःहून लिहून ठेवली. मग मी मागत होतो त्यात जास्त काय होतं?

तू म्हणालीस, पुढची मॉडेलं हुशार येतील, त्यांना आपोआप कळेल. नाही कळणार! डझन की नग हे हुशारीनं निघत नाही, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. ज्यानं ठरवलं त्यानं लिहायचं. 03/04 म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हेही तसंच. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच घेईन असं लिही, आणि एक नमुना दे.

आणखी एक, हे तू अजिबात धरलेलं नाहीस. उत्तर यायला उशीर झाला की एजंट टूलला तीच हाक पुन्हा मारू शकतो. तुझं टूल संख्या मिळवत असेल तर माल दोनदा चढेल. आधी ते कोडमध्ये सुधार, तोवर वर्णनात स्पष्ट लिही. चूक झाल्यावर नुसतं ‘एरर 400’ परत पाठवू नकोस. ‘गोदामाचा आयडी सापडला नाही, आधी गोदामांची यादी मागवा’ असं पाठव, म्हणजे त्याला पुढची वाट दिसेल. आणि हे टूल कधी वापरायचं नाही, तेही लिही. परत आलेल्या मालासाठी तुमचं वेगळं टूल आहे ना? मग याच्या वर्णनात त्याचं नाव का नाही?

आता रागानं पन्नास पानं चिकटवू नकोस. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे एका वेळी त्याच्यापुढे मावणाऱ्या मजकुरातली, जागा खातं. सात-आठ ओळी पुरतात, नेमक्या असल्या तर.

तुझा हात चांगला आहे. तुझा कोड मी वाचला, ती दोनदा हाकेची गोष्ट सोडली तर त्यात मला खोट काढता आली नाही. म्हणूनच हे वर्णन वाचून जीव तुटला.

येत्या रविवारी ये. वर्णन नव्यानं लिहून आण, कागदावर छापून. माझा पुतण्या कॉमर्सला आहे, त्यानं तुझं टूल कधी पाहिलेलं नाही. कागद त्याच्या हातात देऊ आणि ‘चाळीस डझन चादरी आल्या, नोंद कर’ एवढंच सांगू. मग तीच ओळ नव्या सेशनमध्ये एजंटला देऊ. तू शेजारी बसायचंस आणि दोघांपैकी कुणालाही काही सांगायचं नाहीस.

तुझा,
सर