नारिंगी मांजराच्या फोनवर बोलणारा निन्जा कोणत्या सिनेमातला?

तुमचा प्रश्न असा: १९८७-८८ च्या सुमारास नाशिकरोडला व्हिडिओवर एक निन्जापट पाहिला. त्यात नायक मांजराच्या आकाराच्या फोनवर बोलायचा आणि सिनेमातली निम्मी माणसं उरलेल्या निम्म्यांना शेवटपर्यंत भेटलीच नाहीत. सिनेमा कोणता, आणि कॅसेटवाल्यानं दोन सिनेमे मिसळले होते का?

सिनेमा 'निन्जा टर्मिनेटर', १९८५ चा, हाँगकाँगचा. ते मांजर म्हणजे गारफिल्ड, अमेरिकन चित्रकथांमधलं नारिंगी मांजर. कॅसेटवाला बिचारा निर्दोष आहे; सिनेमे मिसळले ते खुद्द बनवणाऱ्यांनी.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या कॅनन फिल्म्सनं 'एंटर द निन्जा' आणला आणि व्हिडिओच्या बाजारात निन्जांची लाट आली. हाँगकाँगमध्ये जोसेफ लाय यांच्या आयएफडी कंपनीनं आणि दिग्दर्शक गॉडफ्री हो यांनी त्यावर एक भन्नाट स्वस्त तोडगा काढला. कोरिया, तैवान, थायलंड इथला एखादा तयार सिनेमा स्वस्तात उचलायचा. मग एक-दोन गोरे नट घेऊन थोडीशी निन्जांची दृश्यं स्वतः चित्रित करायची, ती मधेमधे घुसवायची आणि सगळ्यावर नव्यानं इंग्रजी संवाद चढवायचे. संवाद आपल्या हातात असले की मूळ सिनेमातला गुंड कुठल्याही निन्जा टोळीचा हस्तक होतो. दोन वेगळ्या लग्नांच्या कॅसेट जोडून एकच वऱ्हाड दाखवावं, तसला प्रकार.

पण दोन सिनेमांतली माणसं एका फ्रेममध्ये आणायची कशी? आणताच येत नाहीत. म्हणून फोन. इकडे निन्जा झालेला गोरा नट रिचर्ड हॅरिसन रिसीव्हर उचलून हुकूम सोडतो, तिकडे कोरियन सिनेमातला नायक कुठल्यातरी भलत्याच फोनवर मान डोलावतो. तुम्हाला गंमत वाटलेला तो गारफिल्ड हा खरं तर पटकथेचा कणा आहे! बुरख्याचाही असाच फायदा. डोळ्यांखेरीज काही दिसत नाही, त्यामुळे मारामारीला आत कोण आहे यानं काही बिघडत नाही.

कथा म्हणाल तर सोनेरी निन्जाची मूर्ती, तिचे तीन तुकडे, ते पळवणारे तीन निन्जा. धमक्या पोचवायला खेळण्यातला यंत्रमानव येतो. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

आमच्या पंचवटीच्या वाड्यात गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचे. आधी मोठ्यांचे हिंदी सिनेमे व्हायचे, आणि आमच्या वाट्याला रात्री उशिरा असली एखादी कॅसेट यायची. इंग्रजी कुणालाच धड कळत नसे. त्यामुळे संवाद खोटे आहेत की खरे, हा प्रश्नच नव्हता. माझं तर मत आहे की हे सिनेमे आवाज बंद करून जास्त चांगले लागतात.

कारण उसनी घेतलेली कोरियन बाजू मारामारीत खरंच दमदार आहे. तिथला खलनायक ह्वांग जँग ली. १९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकी चॅनला लाथांनी हैराण करतो तोच. इथे त्याच्या डोक्यावर सोनेरी केसांचा टोप चढवलाय, तरी लाथ ती लाथच. उडी मारून हवेतच पाय फिरवतो तेव्हा कॅमेऱ्याला काही करावंच लागत नाही. उलट नव्यानं घातलेल्या निन्जा दृश्यांत रंगीत धूर, कोलांट्या आणि गायब होणं. तिथे कसब कमी आणि कात्री जास्त.

हॅरिसनचं मात्र वाईट वाटतं. इटलीत तलवारीचे आणि काउबॉयचे सिनेमे केलेला माणूस. मोजक्या सिनेमांसाठी त्यानं केलेलं काम तुकडे करून कितीतरी सिनेमांत वापरलं गेलं, आणि त्यानं आपल्या कारकिर्दीला धक्का बसला असं तो पुढे सांगत असे.

जाता जाता, हा जोडकामाचा उद्योग आपल्या जिल्ह्यानंही केलाय. मालेगावच्या नासिर शेख यांचा व्हिडिओ पार्लर होता. परदेशी सिनेमांचे तुकडे जोडून ते गिऱ्हाइकांना दाखवत. त्यातूनच पुढे २००० साली 'मालेगाव के शोले' आला. हाँगकाँगवाल्यांना जग गंडवून माल खपवायचा होता. मालेगावात सगळ्यांना माहीत असायचं की हे जोडलेलं आहे, आणि लोक त्यासाठीच तिकीट काढायचे. मला हा दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो.

इंटरनेटवर शोधताना एक सांभाळा. नावात 'निन्जा' आणि पोस्टरवर हॅरिसन असलेले सिनेमे ढिगानं सापडतील, आणि त्यातले बरेचसे याहून रटाळ आहेत. पहिल्या अर्ध्या तासात सोनेरी टोपवाला दिसला नाही, तर सरळ बंद करून दुसरा लावा.